नुसता मुरगळलेला पाय : टाचदुखीचं एक प्रकरण

वय ५१. व्यवसाय केशकर्तनाचा, २९ वर्षांपासून. डावी टाच सात महिने दुखते आहे. एक्स-रे झाला, दोन इंजेक्शनं झाली, सिलिकॉनची टाचगादी झाली. एवढं सगळं त्यांच्या फाइलमध्ये होतं. एक गोष्ट मात्र फाइलमध्ये नव्हती. दोन वर्षांपूर्वी हाच डावा पाय जिन्यावर मुरगळला होता. ते त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनाही ते सांगण्याजोगं वाटलं नव्हतं. फिजिओथेरपीत टाचदुखीचे पेशंट मी रोज बघते, तरी हे एक प्रकरण सविस्तर लिहून काढते आहे ते त्यासाठीच. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना मी काका म्हणते, तेव्हाही काकाच म्हणत होते.

पहिल्या दिवशी काका म्हणाले, "मॅडम, सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की टाचेत खिळा घुसल्यासारखं होतं. दहा-पंधरा पावलं भिंत धरून चालतो, मग जरा सैल होतं. दुपारपर्यंत ठीक असतं. दुकान बंद करेपर्यंत पुन्हा ठणका."

हे वर्णन ऐकलं की निम्मं निदान झाल्यात जमा असतं. टाचेच्या हाडाच्या खालून, आतल्या बाजूनं निघून बोटांच्या मुळापर्यंत जाणारा एक जाड, चिवट पट्टा आपल्या तळव्यात असतो, त्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. पायाची कमान तो धनुष्याच्या दोरीसारखी ताणून धरतो. रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं आणि पट्टा आखडतो. सकाळच्या पहिल्या पावलाला त्याच्यावर एकदम अख्ख्या शरीराचा भार येतो. म्हणून पहिली पावलं सर्वांत वाईट असतात, आणि थोडं बसून पुन्हा उठलं की तीच कळ परत येते. जन्मात कधी ना कधी साधारण दहातल्या एकाला हे दुखणं गाठतं, बहुतेकांना चाळिशी ते साठीच्या दरम्यान.

एक्स-रेमधला काटा

काकांनी पिशवीतून एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडासमोर धरला आणि करंगळीच्या नखानं दाखवला. "हा बघा काटा. हाड वाढलंय. हाच टोचतो." सात महिने या काट्याचं भय त्यांच्या मनात होतं. पाय टेकवला की तो मांसात रुतणार, म्हणून पाय टेकवायचाच नाही, असा त्यांचा हिशोब. सकाळचं चालणं बंद केलेलं.

फिल्मवर दोन्ही टाचा होत्या. मी त्यांना उजवी नीट बघायला सांगितली. तिच्यातही तसाच काटा होता, लांबीला कदाचित किंचित जास्तच. उजवी टाच त्यांना एक दिवसही दुखली नव्हती.

काका बराच वेळ फिल्मकडे बघत राहिले. वाढलेल्या हाडाबद्दल मी तोंडानं कितीही सांगितलं असतं, तरी इतकं पटलं नसतं. हा काटा वर्षानुवर्षांच्या ताणातून हळूहळू तयार होतो. तो जमिनीला टोचेल असा खाली वळलेला नसतो, बोटांच्या दिशेनं आडवा असतो, आणि पुष्कळदा फॅशियाच्या वर असलेल्या छोट्या स्नायूच्या मुळाशी असतो. टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांच्या एक्स-रेत तो सापडतो, आणि टाच भयंकर दुखणाऱ्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत सापडत नाही. "हाड वाढलंय" हे तीन सेकंदांत उच्चारलं जाणारं वाक्य माणसाला वर्षभर जायबंदी करू शकतं. ते बोलताना डॉक्टरांनी आणि आम्हीही जपून बोलावं असं मला मनापासून वाटतं.

इंजेक्शनांचंही तसंच. पहिल्यानं पाच आठवडे आराम मिळाला, दुसऱ्यानं जेमतेम दहा दिवस. स्टेरॉइड इंजेक्शनचा उपयोग होतो, पण तो बहुधा काही आठवड्यांपुरता. वारंवार घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी झिजण्याचा आणि फॅशियाच फाटण्याचा धोका असतो. या दुखण्याला आपण सवयीनं 'सूज' म्हणतो. पण २००३ मध्ये लेमाँट आणि सहकाऱ्यांनी ५० शस्त्रक्रियांमधले फॅशियाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना त्यात सूज येण्याची लक्षणं दिसली नाहीत. झिजलेले, विस्कटलेले तंतू दिसले. सूज उतरवणारं औषध टिकाऊ का ठरत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे. झिजलेल्या पट्ट्याला पुन्हा भार पेलायला शिकवावं लागतं, आणि ते सुईनं होत नाही. काकांनी इंजेक्शनं घेतली म्हणून मी त्यांना बोल लावला नाही. ज्याचं पोट उभं राहण्यावर आहे, त्याला दोन दिवसांत थांबणारं दुखणं हवंसं वाटणारच. तिसऱ्याचा विचार मात्र तीन महिने बाजूला ठेवू असं ठरलं, आणि तसं त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांशीही बोलून घेतलं.

तपासणी

आधी नको ते वगळलं. टाचेचं हाड दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबलं. बारीक भेग असती तर काका ओरडले असते, तसं काही झालं नाही. घोट्याच्या आतल्या बाजूला मागे टकटक केलं, तळव्यात मुंग्या किंवा विजेसारखी चमक आली नाही, म्हणजे नस दाबली गेल्याची शंका मिटली. सकाळचा आखडलेपणा मिनिटांत जात होता, तासभर राहत नव्हता. एकच टाच दुखत होती आणि कंबर पहाटे धरत नव्हती, म्हणून संधिवाताचा संशयही नव्हता. रक्तातली साखर नुकतीच तपासलेली आणि ठीक होती, तरी दहा ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन धाग्यानं तळव्याची संवेदना तपासली, सगळीकडे ती शाबूत होती. उभं राहून अंगठा वर उचलला तेव्हा मात्र टाचेच्या आतल्या टोकाला तीच ओळखीची कळ उठली. अंगठा वर गेला की फॅशिया रहाटाच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि कमान उचलली जाते, ही यंत्रणा जे. एच. हिक्स यांनी १९५४ मध्ये मांडली. दुखणारा पट्टा असा ताणला की तो आपलं नाव स्वतःच सांगतो.

चौथ्या आणि पाचव्या बोटांच्या मधे चिखल्या होत्या. करंगळीवर भोवरी होती आणि ती कडेनं तासलेली दिसत होती. विचारलं तर म्हणाले, "वस्तरा हातातच असतो, दर रविवारी पातळ करतो." ऐकून पोटात गोळा आला. भोवरी हा कातडीनं दाबाविरुद्ध केलेला बचाव असतो. दाब तसाच ठेवून ती कापली तर पुन्हा येते, आणि पातं एकदा खोल गेलं की जखम चिघळते. मधुमेह असलेल्यांनी तर पायाला पातं लावूच नये. काकांचा जोडा चवड्याशी अरुंद होता. पाऊल कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखलं आणि त्यावर जोडा ठेवला, तर दोन्ही कडांनी रेघ बाहेर दिसत होती. रुंद चवड्याचा जोडा घेतल्यावर दोन महिन्यांत भोवरी आपोआप मऊ पडली. चिखल्यांसाठी बुरशीवरचं मलम सांगितलं, ते खाज थांबल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायला सांगितलं, आणि बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करायला. एवढ्यावर तो विषय संपला.

मग भिंतीची चाचणी केली. भिंतीसमोर उभं राहायचं, टाच जमिनीवर घट्ट ठेवून गुडघा भिंतीला लावायचा, आणि पाऊल हळूहळू मागे घेत बघायचं की अंगठा भिंतीपासून किती लांब गेला तरी गुडघा टेकतो. उजवा पाय ११ सेंटीमीटर. डावा ६.

मी टेप पुन्हा लावला. पुन्हा ६. या चाचणीत दर सेंटीमीटरला घोटा साधारण साडेतीन अंश वाकतो. म्हणजे डावा घोटा उजव्यापेक्षा सतरा-अठरा अंश कमी वाकत होता. एका पायावर उभं केलं, उजव्यावर ३० सेकंद सहज, डाव्यावर सहाव्या सेकंदाला हात टेबलावर. एका पायानं चवड्यावर उठायला सांगितलं, उजव्यानं १९ वेळा, डाव्यानं ७, आणि तेही अर्ध्या उंचीपर्यंतच.

तेव्हा विचारलं, "काका, हा पाय कधी मुरगळला होता का?"

"मुरगळला होता ना, दोनेक वर्षं झाली. जिन्याची शेवटची पायरी चुकली. घोटा हा एवढा सुजला होता, काळानिळा. लेप लावला, पट्टी बांधली, आठव्या दिवशी दुकान उघडलं. नुसता मुरगळला होता, मोडला नव्हता."

'नुसता' या शब्दाबद्दल

घोटा आतल्या बाजूला वळून मुरगळतो, तेव्हा बाहेरच्या बाजूचे लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ताणले किंवा फाटले जातात. त्यांच्यासोबत एक अदृश्य गोष्टही बिघडते. पाऊल अवकाशात कुठे आहे, किती कललं आहे, ही खबर मेंदूला देणाऱ्या बारीक संवेदना त्याच लिगामेंटमध्ये आणि सांध्याच्या आवरणात असतात. सूज आठ-दहा दिवसांत बरीच उतरते. लिगामेंट सांधायला कित्येक आठवडे लागतात, आणि तोल तर शिकवल्याशिवाय पुरता परत येतच नाही. दरम्यान माणूस सुजलेला घोटा न वाकवता चालायला शिकतो. दुखणं जातं, सवय राहते. पोटरी आखडते आणि अशक्त होते. एकदा मुरगळलेला पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यता वाढते ती यामुळेच.

याचा टाचेशी संबंध असा. चालताना पाऊल जमिनीवर टेकलेलं असतं तेव्हा नडगी त्याच्यावरून पुढे झुकते. हे झुकणं घोट्यात व्हायला हवं. घोटा आखडलेला असेल तर शरीर ती हालचाल दुसरीकडून चोरतं. एक तर कमान खाली बसते, नाही तर टाच वेळेआधी उचलली जाते. दोन्हींत फॅशियावर ताण वाढतो. २००३ मध्येच रिडल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात प्लांटार फॅशियाच्या दुखण्याशी सर्वांत घट्ट नातं सापडलं ते कमी वाकणाऱ्या घोट्याचं. वाढलेलं वजन आणि दिवसभर उभं राहण्याचं काम ही कारणं त्याच्या मागून आली. एका पेशंटवरून मी कारण-परिणाम सिद्ध केल्याचा आव आणणार नाही. काकांचं उभं राहणं २९ वर्षांचं आहे, वयही झालं आहे. पण दोन्ही पाय सारखेच तास उभे, दोन्ही टाचांत सारखाच काटा, आणि दुखते फक्त ती टाच जिच्या वरचा घोटा पाच सेंटीमीटर मागे आहे, हे डोळ्याआड करता येण्यासारखं नव्हतं.

उपचार, आणि माझी चूक

किती दिवस लागतील हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. महिन्याभरात फरक कळेल, तीन महिने व्यायाम, आणि पूर्ण विसर पडायला कदाचित वर्ष. काका म्हणाले, "इंजेक्शननं तर दोन दिवसांत थांबायचं." मी म्हटलं, "हो, आणि मग परत यायचं."

सकाळी पलंगावरून उतरण्याआधी डावा पाय उजव्या मांडीवर घ्यायचा, बोटं हातानं नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तळव्यातला पट्टा तारेसारखा ताठ लागेपर्यंत. दहा सेकंद धरायचं, दहा वेळा. असं दिवसातून तीनदा. पहिले दोन आठवडे तळव्याला चिकटपट्टी लावली. ती काही दिवसांचाच दिलासा देते, पण त्या दिलाशावर माणूस व्यायामाला तयार होतो. घोट्यासाठी भिंतीपाशी गुडघा पुढे ढकलण्याचा व्यायाम, आणि पोटरीचा ताण दोन तऱ्हांनी, गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, कारण पोटरीत वरचा आणि खोलचा असे दोन वेगळे स्नायू आहेत.

मुख्य भिस्त होती भाराच्या व्यायामावर. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, टॉवेलची गुंडाळी बोटांखाली ठेवायची म्हणजे बोटं वर उचललेली राहतात आणि फॅशिया ताणलेला. तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली. दिवसाआड. बाराव्या वेळी पाय खरोखर थकला पाहिजे एवढा भार, नंतर पाठीवरच्या पिशवीत वजन घालून तो वाढवायचा आणि वेळा कमी करायच्या. ही पद्धत राथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तपासली. तीन महिन्यांवर भाराचा व्यायाम करणारे नुसतं ताणणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षाअखेर दोन्ही गट जवळपास सारखे झाले. हे मी काकांनाही सांगितलं. व्यायामानं चमत्कार होत नाही, बरं होणं अलीकडे येतं. डाव्या पायाला एकट्यानं जमत नव्हतं, म्हणून सुरुवात दोन्ही पायांनी केली.

तिसऱ्या आठवड्यात काका आले ते लंगडत. दुखणं दहापैकी सातवरून पाचवर आलं होतं, ते आठवर गेलं होतं. व्यायाम एकही चुकलेला नव्हता. दुकानात गर्दीचे दिवस होते, बारा-बारा तास उभे होते. मी व्यायामाचा भार मोजून दिला होता, पण दिवसभराच्या उभं राहण्याचा भार मोजलाच नव्हता. चूक माझी होती. उभं राहणं त्यांना विचारलं होतं ते नुसतं तासांत.

"काका, दुकानात कसे उभे राहता ते दाखवा." मी खुर्चीत बसले. ते माझ्या मागे आले, हवेत कंगवा धरला, आणि तीस वर्षांची सवय क्षणात अंगात आली. सगळा भार डाव्या पायावर. गुडघा मागे लॉक. उजव्या पायाचं फक्त बोट जमिनीला. खुर्चीभोवती सरकताना डावी टाच उचलली न जाता जागच्या जागी घासत फिरायची, त्याच टाचेवर पीळ देत. दर गिऱ्हाईकाला निदान वीस-पंचवीस वेळा. हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्यांनी मान खाली करून आपल्या पायाकडे बघितलं, आणि पुन्हा तसेच फिरले, या वेळी मुद्दाम, सावकाश. "च्यायला," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून खरी सुधारणा सुरू झाली असं मी मानते. खुर्चीखाली जाड रबरी मॅट आली. खुर्चीच्या पायथ्याच्या कडीवर आलटून पालटून एक पाय ठेवायचा. फिरताना टाच उचलून पाऊल टाकायचं. दाढीसाठी चाकांचं उंच स्टूल. जोडे दोन, आलटून पालटून, टाच थोडी उंच, मागची बाजू ताठ, आणि खरेदी संध्याकाळी, कारण दिवसाअखेर पाऊल फुगलेलं असतं. घरी फरशीवर अनवाणी चालणं काही महिने बंद. व्यायाम दोन आठवडे एक पायरी मागे नेले, मग पुन्हा चढवले. दुखणं दहापैकी तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी वाढलं नाही, तर तेवढा भार चालतो, हा नियम त्यांना दिला. पेशंटला "दुखलं की थांबा" असं सांगून सोडलं की तो काहीच करत नाही, आणि "सहन करा" म्हटलं की सगळंच करतो.

सहाव्या आठवड्यात सकाळची कळ चारवर आली. बाराव्या आठवड्यात दोनवर, काही सकाळी शून्यावर. भिंतीची चाचणी ६ वरून साडेनऊवर. डाव्या पायानं चवड्यावर उठणं ७ वरून १६, पूर्ण उंचीचं. एका पायावर तोल २५ सेकंद. दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं, ते त्यांनी एकदाही चुकवलं नाही. उजव्याची बरोबरी घोट्यानं पुरती केली नाही, आणि मला वाटतं आता करणारही नाही. दोन वर्षं आखडलेला सांधा होता. तीन महिन्यांत फरक पडला नसता तर पुढे शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्रानं दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे धक्के देण्याचा, विचार होता, त्याची गरज पडली नाही. सकाळचं चालणं त्यांनी चौथ्या महिन्यात पुन्हा सुरू केलं.

नऊ महिन्यांनी काका पुन्हा आले. स्वतःसाठी नव्हे. दुकानात हाताखाली काम करणारा वीस-बावीस वर्षांचा मुलगा सोबत होता, उजवा घोटा सुजलेला. आदल्या संध्याकाळी फुटबॉल खेळताना पाय वळला होता.

"हा म्हणतो, नुसता मुरगळलाय. मी म्हटलं, चल."

घोट्याच्या दोन्ही हाडांच्या मागच्या कडा, खालची टोकं, पावलाच्या मधलं आतलं हाड आणि बाहेरच्या कडेचं मधलं उंचवट्याचं हाड, अंगठ्यानं दाबून बघितलं. हाडावर कुठेच दुखलं नाही, दुखलं ते हाडाच्या पुढे, लिगामेंटवर. चार पावलं टाकायला लावली, लंगडत का होईना, टाकली. १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरात ठरलेल्या या खुणांनुसार एक्स-रेची गरज नव्हती. पट्टी बांधली, दोन दिवस पाय उंच ठेवायला सांगितलं, आणि दुखणं सोसेल तेवढा भार तिसऱ्या दिवसापासून टाकायला. पुढच्या आठवड्यात घोटा वाकवण्याचा व्यायाम, त्यानंतर तोल, आणि चवड्यावर उठणं दोन्ही पायांनी सारखं झाल्याशिवाय मैदानात जायचं नाही. मुलगा विचारत होता, सूज उतरली की पुरे ना?

मी उत्तर देण्याआधी काकांनी जोडे काढले, भिंतीशी गेले, आणि डावा गुडघा भिंतीला टेकवून त्याला म्हणाले, "हे बघ, हा माझा किती जातो. आणि हा उजवा. ये, तुझा डावा आत्ताच मोजून ठेवू, उजवा तिथवर न्यायचाय."